सोमवारनंतरचा दिवस

आमच्या घरात नियम एकच आहे आणि तो मीच केलाय:
पाठींना नावं द्यायची, बोकडांना नाही.
पाठी राहतात. दुधाच्या वहीत त्यांची नावं चढतात:
जायफळ, लवंग, म्हातारी दालचिनी,
जिच्या गळ्याखाली दोन मऊ लोळ्या लोंबतात,
ना दुधाच्या, ना दावं अडकवायच्या,
आणि पाहुण्यांची पोरं आल्या आल्या त्याच धरतात.
बोकड दहा आठवड्यांनी जातात.

फेब्रुवारीत जायफळ व्याली.
मिसूरीतल्या या टेकड्यांवर तेव्हा बादलीतलं पाणी
कुऱ्हाडीच्या दांड्याने फोडावं लागतं.
लायल रात्रपाळीला, कोरीन मैत्रिणीकडे,
म्हणून टॉर्च एमेटच्या हातात. वय वर्षं सात.

पहिली पाठ सरळ आली,
पुढच्या खुरांवर नाक टेकवून, सूर मारल्यासारखी.
दुसरं अडलं.
मी कोपरापर्यंत साबण लावला
आणि आतल्या त्या ऊबदार अंधारात पाय मोजले.
एक. दोन. दोन्ही मागचेच.
"आई," एमेट म्हणाला, "टॉर्च थरथरतोय, मी नाही."

बोकड निघाला. लिबलिबीत, निपचित.
पोत्याने चोळला, नाकात गवताची काडी घातली,
शेवटी मागचे पाय धरून हवेत झुलवला,
तेव्हा कुठे शिंकला.

रात्रभर स्वयंपाकघरात, शेगडीजवळच्या खोक्यात,
कोरीनच्या जुन्या स्वेटरची बाही अंगात घालून.
चीक पाजताना एमेट त्याच्याशी हळू बोलत होता.
पहाटे मी विचारलं, नाव ठेवलंस?
"नाही. मंगळवार म्हणतो फक्त.
ते नाव नाही, आई. तो वार आहे."

मी नुकतीच जायफळची वार ओढ्यापल्याड पुरून आले होते,
कोल्ह्यांना वास लागू नये म्हणून.
नखांत अजून लाल माती होती.
वाद घालायचं त्राण नव्हतं.

मार्चभर तो ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उभा राहायचा.
शाळेचं एक पत्र खाल्लं, वाळत घातलेल्या चादरीचा कोपरा खाल्ला,
लायलच्या टोपीवरचं बटण तर गिळलंच.

शनिवारी ट्रेडवे आले, पलीकडच्या टेकडीवरचे.
नातीच्या लग्नाचं जेवण होतं. भला माणूस.
नाव त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.
फाटकाची कडी घट्ट आहे, ती कशी वर उचलून सरकवायची
हे एमेटलाच जमतं.
त्यानेच उघडली.

नव्वद डॉलर.
"दहा गासड्या गवत," लायल म्हणाला, कुणाकडेच न बघता.
नाताळापासून मांस सोडलेल्या कोरीनने
ताट जरा जोरातच ठेवलं.

जायफळ तीन दिवस हाका मारत राहिली,
आवाज बसला तरी.
तिची कास आता सगळी आमची.
रोज दोन बरण्या जास्त भरतात, झाकणं कमी पडतात.
चौथ्या दिवशी धार काढताना कपाळ तिच्या कुशीला टेकलं
तर आत रवंथाचा आवाज, नेहमीचा,
आणि मला तिचा थोडा रागच आला.

एमेट काही म्हणाला नाही. दूध पितो.
वहीत मात्र लायलच्या अक्षरात "बोकड, १"
आणि त्यापुढे पेन्सिलीने, मोडक्या अक्षरात, एक वार.
मी खोडरबर घेतलं होतं.
परत खणात ठेवलं.

तेव्हापासून आमच्याकडे
सोमवारनंतरच्या दिवसाला कुणी नाव घेऊन बोलवत नाही.
दंतवैद्याची वेळ: परवा.
कचऱ्याची गाडी: उद्या.
कोरीनसुद्धा पाळते, जिला हा सगळाच ढोंगीपणा वाटतो.

काल पेंडीच्या दुकानात मी आणि एमेट.
काउंटरवरची बाई संगणकात बघून म्हणाली,
"करडांचा खुराक संपलाय. मंगळवारी नक्की येईल."
एमेट मुळ्याच्या बियांची पाकिटं वाचायला लागला.
मीही वाचली.
पेरणीची खोली अर्धा इंच.
उगवायला सहा दिवस.